विश्लेषण : आईचा जीव वाचवणेही ‘पाप’ ठरू शकते? कॅथलिक नीतिशास्त्र आणि प्रजनन न्याय यांतील पेच काय?

मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधील गॉलवे येथे जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. त्यांचा १७ आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही, हे स्पष्ट झाले होते. तरीही गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू असल्याने गर्भपाताची विनंती नाकारण्यात आली. या मृत्यूनंतर आयर्लंडमधील कायदा बदलला. मात्र त्यामागचा नैतिक प्रश्न कायम आहे. अमेरिकेत २०२२ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अनेक राज्यांनी गर्भपातबंदी लागू केली, तर २०२४ मध्ये व्हॅटिकनने ‘डिग्निटास इन्फिनिटा’ या दस्तावेजातून गर्भपाताला असलेला विरोध पुन्हा अधोरेखित केला.

चर्चची शिकवण नेमकी काय?

गर्भधारणेच्या क्षणापासून गर्भाला माणूस म्हणून जगण्याचा हक्क आहे, म्हणून ‘थेट’ गर्भपात कोणत्याही कारणासाठी योग्य ठरत नाही, अशी चर्चची अधिकृत भूमिका आहे. येथे ‘थेट’ हा शब्द महत्त्वाचा. गर्भ संपवणे हाच ज्या कृतीचा हेतू किंवा मार्ग असतो, ती कृती निषिद्ध. पण आईच्या गंभीर आजारावरील उपचारात गर्भ दगावला, तर तो उपचार निषिद्ध मानला जात नाही. अमेरिकी बिशपांच्या आरोग्यसेवेसाठीच्या निर्देशांतही ही मुभा आहे.

‘दुहेरी परिणामा’चे तत्त्व काय?

या भेदामागे ‘दुहेरी परिणामा’चे तत्त्व आहे. तेराव्या शतकातील तत्त्वचिंतक थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाविषयी केलेल्या विवेचनात त्याचे मूळ सापडते. एकाच कृतीचे चांगला आणि वाईट असे दोन परिणाम होणार असतील, तर वाईट परिणाम हा हेतू नसावा आणि चांगला परिणाम साधण्याचे साधनही नसावा, असे हे तत्त्व सांगते. त्यामुळे गर्भवतीच्या गर्भाशयाला कर्करोग झाल्यास गर्भाशय काढता येते. गर्भ गर्भनलिकेत रुजला असेल, तर तो भाग कापून काढणे बहुतेक कॅथलिक नीतितज्ज्ञांना मान्य आहे. मात्र मेथोट्रेक्सेट हे औषध देऊन नलिका वाचवणे योग्य की अयोग्य, यावर त्यांच्यात मतभेद आहेत, कारण औषधाचा परिणाम थेट गर्भाच्या पेशींवर होतो. दोन्ही मार्गांत गर्भ वाचत नाही. फरक पडतो तो स्त्रीच्या शरीराला : एका मार्गात तिची नलिका जाते, दुसऱ्यात ती राहू शकते.

फिनिक्समध्ये काय घडले?

अमेरिकेतील ॲरिझोनामधील फिनिक्स येथील कॅथलिक रुग्णालयात, सेंट जोसेफ्समध्ये २००९ मध्ये चार मुलांची आई असलेली एक महिला दाखल झाली. ती ११ आठवड्यांची गर्भवती होती आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील उच्च दाबामुळे तिचा मृत्यू जवळपास अटळ होता. रुग्णालयाच्या नीतिसमितीने गर्भपातास संमती दिली आणि महिलेचा जीव वाचला. पुढे स्थानिक बिशप थॉमस ओल्मस्टेड यांनी समितीतील सिस्टर मार्गारेट मॅकब्राइड या बहिष्कृत झाल्याचे सांगितले आणि डिसेंबर २०१० मध्ये रुग्णालयाचा कॅथलिक दर्जाही काढून घेतला. हा थेट गर्भपात नव्हताच, असे मत कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ थेरीज लायसॉट यांनी रुग्णालयासाठी केलेल्या विश्लेषणात मांडले. बिशपांनी ते अमान्य केले. म्हणजेच तत्त्व एकच असले तरी निष्कर्ष दोन निघाले. मॅकब्राइड यांना पुढे चर्चने पुन्हा सामावून घेतले.

गॉलवेत दोष शिकवणीचा की कायद्याचा?

गॉलवेतील रुग्णालय सरकारी होते. १९८३ च्या घटनादुरुस्तीने आयर्लंडमध्ये आई आणि गर्भ यांना जगण्याचा समान हक्क दिला होता. आईच्या जिवाला खरा धोका असेल, तर गर्भपात करता येईल, असे १९९२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, पण त्यानंतर दोन दशके कायदाच झाला नाही. प्रकृतीचा धोका जिवाचा धोका कधी बनतो, हे ठरवण्याचा भार डॉक्टरांवर पडला. गर्भाचे ठोके थांबेपर्यंत वाट पाहण्यावर नको तेवढा भर दिला गेला आणि संसर्गावर पुरेशी देखरेख झाली नाही, असा ठपका सरकारी चौकशीने ठेवला. आईपेक्षा गर्भाच्या जिवाला अग्रक्रम द्यावा असे चर्चने कधीही शिकवलेले नाही, असा खुलासा आयरिश बिशपांनी केला. तो शिकवणीपुरता बरोबर होता. पण चर्चच्या पाठिंब्याने आलेली दुरुस्ती रुग्णाच्या खाटेजवळ पोहोचली, तेव्हा ‘थेट’ आणि ‘अप्रत्यक्ष’ यांतील बारकावा उरला नाही, उरली ती डॉक्टरांची भीती. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ही दुरुस्ती रद्द केली.

‘प्रजनन न्याय’ म्हणजे काय?

ही संज्ञा १९९४ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय महिला कार्यकर्त्यांनी घडवली. मूल न होऊ देण्याचा हक्क, मूल होऊ देण्याचा हक्क आणि मुलांना सुरक्षित वातावरणात वाढवण्याचा हक्क हे तिचे तीन भाग आहेत. शेवटच्या दोन मुद्द्यांवर चर्चची सामाजिक शिकवण तिच्या जवळ येते. पेरूमध्ये १९९० च्या दशकात फुजिमोरी राजवटीने गरीब आदिवासी स्त्रियांवर लादलेल्या नसबंदीवर तेथील चर्चने टीका केली होती. वाद आहे तो पहिल्या मुद्द्यावर, आणि निर्णय कुणाचा यावर.

चर्चमध्ये एकमत आहे?

नाही. गर्भनिरोधनाबाबत नेमलेल्या आयोगातील बहुसंख्य सदस्यांचा कौल बदलाच्या बाजूने असतानाही पोप पॉल सहावे यांनी १९६८ मध्ये ‘ह्युमाने विटे’द्वारे कृत्रिम साधने नाकारली. असंख्य कॅथलिक जोडपी आजही आपल्या सदसद्विवेकाचा कौल मानून वेगळा निर्णय घेतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये गर्भपाताचे पाप क्षमा करण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंसाठी कायम केला. नियम मात्र बदलला नाही.

यातून धडा काय?

भारतात १९७१ पासून २० आठवड्यांपर्यंत, स्त्रीच्या जीविताला किंवा आरोग्याला गंभीर धोका असल्यास गर्भपाताला परवानगी होती. २०२१ मध्ये काही गटांसाठी ही मर्यादा २४ आठवडे झाली. म्हणजे सविता बेळगावात असत्या, तर कायदा आड आला नसता. श्रद्धेने आपला नियम सांगणे वेगळे, आणि त्या नियमाच्या धाकाने डॉक्टरांनी थांबून राहणे वेगळे. धर्मशास्त्रातील युक्तिवाद वर्षानुवर्षे चालू शकतो. संसर्ग झालेल्या स्त्रीकडे मात्र काही तासच असतात.