सल्ला कर्जदाराला, दलाली सावकाराकडून

घर घेऊ पाहणाऱ्या माणसाची गाठ आज दोन मध्यस्थांशी पडते. पहिला घर दाखवतो, दुसरा त्या घरासाठी कर्ज मिळवून देतो. पहिल्याकडे लोक काहीशा संशयानेच पाहतात. त्याची दलाली उघड असते आणि तिच्यावर घासाघीस करता येते. दुसऱ्याविषयी मात्र विलक्षण विश्वास आढळतो. तो घरी येतो, कागद गोळा करतो, अर्ज कोणत्या बँकेत करावा हे सांगतो, आणि वर ‘तुम्हाला मला काहीच द्यायचे नाही’ असेही आवर्जून बजावतो. ज्या व्यवहारात एखादे कुटुंब आपली पुढील वीस वर्षांची मिळकत बांधून टाकते, त्या व्यवहारात त्याला भेटणारा एकमेव सल्लागार बहुधा हाच असतो. म्हणूनच, फुकट मिळणाऱ्या या सल्ल्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

हा मध्यस्थ मुळात आला कोठून? १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसीची स्थापना केली, तोवर पगारदार माणसाला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या संस्था या देशात फारच थोड्या होत्या. सहकारी गृहनिर्माण संस्था, आयुर्विमा महामंडळ, भविष्य निर्वाह निधीतील उचल आणि घरातील सोने, हेच सामान्य माणसाचे घर बांधण्याचे भांडवल होते. १९८८ साली नॅशनल हाउसिंग बँक सुरू झाली आणि पुढे उदारीकरणाच्या काळात व्यापारी बँका या क्षेत्रात हिरिरीने उतरल्या. कर्जांची संख्या वाढली. परंतु अर्जदाराजवळ बसून त्याचे कागद समजावून सांगणारा शाखेतील कर्मचारी त्या प्रमाणात वाढला नाही. ते काम बाहेरच्या माणसावर सोपवण्यात आले. बँकांच्या परिभाषेत तो ‘डीएसए’, लोकांच्या भाषेत ‘लोनवाला एजंट’.

लोक त्याच्याकडे जातात ते मूर्खपणामुळे नव्हे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पगारपत्रके, प्राप्तिकराची विवरणे, बँकेचे उतारे, विक्रीचा करारनामा, मालमत्तेच्या मालकीची साखळी, बांधकामाचे मंजूर नकाशे, एवढा पसारा जमवताना सुशिक्षित माणसाचीही दमछाक होते. रिक्षाचालक, खानावळ चालवणारी बाई, कंत्राटी कामगार यांच्याजवळ तर पगारपत्रकच नसते. बँकेच्या काचेच्या दारातून त्यांना दोन मिनिटांत परत पाठवले जाते. अशा वेळी जो माणूस ‘आणा कागद, मी बघतो’ असे म्हणतो, तो त्यांना आधारच वाटतो. अनेक मध्यस्थ हे काम मनापासून करतात आणि अडलेली प्रकरणे मार्गी लावतात, हेही खरे आहे. आमचा आक्षेप व्यक्तीवर नाही, व्यवस्थेवर आहे.

ही व्यवस्था अशी की, मध्यस्थाला मोबदला मिळतो तो कर्ज देणाऱ्या संस्थेकडून, आणि तोही सामान्यतः वाटप झालेल्या कर्जाच्या रकमेच्या प्रमाणात. या एका गोष्टीतून बाकीच्या साऱ्या गोष्टी निघतात. कर्ज मोठे, तर दलाली मोठी. अर्जदाराने आणखी वर्षभर थांबून बचत करावी, हा सल्ला कितीही शहाणपणाचा असला तरी तो देणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. ज्या संस्थेशी मध्यस्थाचा करार नाही, तिचा व्याजदर कमी असला तरी तिचे नाव त्याच्या तोंडी येण्याचे कारण नाही. त्याच्या मते ‘सर्वांत चांगले’ असलेले कर्ज हे त्याच्या थैलीत असलेल्या कर्जांपैकी एक असते. कर्जाला जोडून एकरकमी हप्त्याचा विमा गळ्यात मारला जातो आणि त्याची रक्कम मुद्दलातच मिळवली जाते. असा विमा घेतलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा दंडक नाही, हे किती अर्जदारांना सांगितले जाते?

अर्ध्या टक्क्याने काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब मांडतो. तीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी ८.५ टक्के दराने घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. तेच कर्ज ९ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता २६,९९२ रुपये होतो. महिन्याचा फरक साडेनऊशे रुपयांचा. वीस वर्षांचा फरक सुमारे २ लाख ३० हजारांचा. ‘फुकट’ सल्ल्याची ही किंमत आहे आणि ती कर्जदारच मोजतो. फक्त ती त्याला दिसत नाही.

व्याजदराच्या प्रकाराविषयीचे मौन तर याहून महाग पडते. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी घरकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मापदंडाशी जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्यांवर हे बंधन नाही. हा भेद अर्जाच्या वेळी समजावून सांगितला जाणे अत्यंत आवश्यक असते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. त्याआधी स्वस्ताईच्या काळात ज्याने तीस लाख रुपये ६.७५ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, त्याचा हप्ता सुमारे २२,८११ रुपये होता. वर्षभर नियमाने हप्ते भरून त्याचे मुद्दल ७३ हजारांनी कमी झाले असे धरले, तरी दर ९.२५ टक्के होताच महिन्याचे नुसते व्याज साडेबावीस हजारांवर जाते आणि त्याच हप्त्यातून मुद्दलापोटी जेमतेम अडीचशे रुपये उरतात. अशा वेळी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, म्हणजे कर्जदाराला धक्का जाणवत नाही. निवृत्तीचे वय उलटले तरी कर्ज मात्र फिटत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला याबाबत आदेश काढावा लागला. हप्ता वाढवायचा की मुदत, की स्थिर दराकडे वळायचे, ही निवड कर्जदाराला दिली पाहिजे आणि हप्ता व्याजालाही अपुरा पडेल अशी स्थिती येऊ देता कामा नये, असे त्यात बजावले होते. कर्ज मिळवून देणारा मध्यस्थ या वेळी कोठे असतो? त्याचा मोबदला कर्जाचे वाटप झाले तेव्हाच त्याच्या हाती पडलेला असतो.

सर्वांत गंभीर गोष्ट खोट्या कागदांची आहे. ज्याचे उत्पन्न कागदावर दिसत नाही, त्याचे उत्पन्न कागदावर ‘बसवून’ देणारे मध्यस्थ आहेत, आणि त्यासाठी ‘फाइलचा खर्च’ म्हणून अर्जदाराकडूनच रोख पैसे घेणारेही आहेत. अर्जावर सही मात्र अर्जदाराची असते. उत्पन्न वीस हजारांचे आणि कागदावर चाळीस हजारांचे, अशा कर्जाचा हप्ता पहिल्याच आजारपणात थकतो. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते थकीत ठरते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, घराचा ताबा घेण्याचा अधिकार कर्जसंस्थेला मिळतो. घर कर्जदाराचे जाते, फसवणुकीचा ठपकाही त्याच्याच माथी येतो. वास्तविक, कर्जमंजुरीचा निर्णय बँकांनी बाहेरच्या माणसावर सोपवू नये आणि आपल्या मध्यस्थांच्या वर्तनाची जबाबदारी स्वतः घ्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २००६ सालीच सांगितले आहे. ‘मंजुरी माझ्या हातात आहे’ असे म्हणणारा मध्यस्थ म्हणूनच एक तर खोटे बोलत असतो, किंवा बँकेतील कोणाच्या तरी संगनमताने बोलत असतो.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या घरकर्जासाठी ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक आहे. सर्व शुल्के धरून वार्षिक खर्चाचा दर किती, हे त्यात लिहावे लागते. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. आणि त्यातील अटी विचारात घेण्यास किमान तीन कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. त्यात न दाखवलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून आकारता येत नाही. परंतु या विवरणात मध्यस्थाला किती दलाली मिळाली, याचे कलम नाही. घर विकून देणाऱ्या दलालाला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. त्याच घरावर कर्ज मिळवून देणाऱ्यासाठी मात्र नागरिकाला पाहता येईल अशी सार्वजनिक नोंदवही नाही. मोबाइलवरून अनेक संस्थांची कर्जे दाखवणाऱ्या मध्यस्थांनी सर्व जुळणारे प्रस्ताव निःपक्षपातीपणे मांडावेत, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२५ साली केला. यंत्रावरच्या मध्यस्थाला जो न्याय, तो घरी येऊन सह्या घेणाऱ्या मध्यस्थाला का नसावा?

इतर देशांनी हा प्रश्न अनुभवातून शिकला. अमेरिकेत जास्त व्याजदराचे कर्ज गळी उतरवणाऱ्या दलालाला जास्त मोबदला मिळे. २००८ च्या अरिष्टात लाखो घरांवर जप्ती आली आणि त्यानंतर २०११ मध्ये, कर्जाच्या अटींवर दलालाचा मोबदला ठरवण्यास तेथे बंदी झाली. ऑस्ट्रेलियात न्या. केनेथ हेन यांच्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०१९ मध्ये याहून पुढची शिफारस केली. दलालाला मोबदला कर्ज देणाऱ्याने नव्हे, तर कर्ज घेणाऱ्याने द्यावा, आणि दलालावर कर्जदाराचे हित जपण्याचे कायदेशीर बंधन असावे, असे आयोगाने म्हटले. दलालांच्या संघटनांनी मोठा गहजब केला आणि सरकारने सुमारे महिन्याभरात मोबदल्याच्या प्रश्नावर माघार घेतली. हित जपण्याचे बंधन तेवढे १ जानेवारी २०२१ पासून अमलात आले.

दलालांच्या बाजूने तेव्हा जो युक्तिवाद झाला, त्यात काहीच तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. कर्जदारानेच पैसे मोजायचे ठरले, तर ज्याला सल्ल्याची सर्वाधिक गरज आहे तोच सल्ल्याला मुकेल आणि मोठ्या बँकांचे फावेल, असा तो युक्तिवाद होता. शिवाय आपल्याकडचा सामान्य मध्यस्थ हा काही धनदांडगा नव्हे. तो बहुधा पदवी घेऊन बसलेला तरुण असतो. पगार नाही, रजा नाही, महिन्याचे उद्दिष्ट मात्र आहे. कर्ज गोळा करण्याचा खर्च आणि जोखीम त्याच्या खांद्यावर टाकून बँका नामानिराळ्या राहतात. त्याला शिव्या देऊन प्रश्न सुटत नाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. मध्यस्थाला मिळणारी दलाली रुपयांत मुख्य तथ्य विवरणात छापली जावी. कर्जसंस्थेकडून मोबदला घेणाऱ्याला कर्जदाराकडून एक रुपयाही घेण्यास मनाई असावी. रिझर्व्ह बँकेने मध्यस्थांची सार्वजनिक नोंदवही ठेवावी. किमान तीन संस्थांची लेखी तुलना दिल्याशिवाय अर्जावर सही घेतली जाऊ नये. आणि महाराष्ट्रात हे सारे कागद मराठीत मिळावेत. याच्या जोडीला, कुणाच्याही दलालीवर न जगणारा सल्ला उभा करावा लागेल. कामगार संघटना, पगारदारांच्या पतसंस्था आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांचे महासंघ यांच्याकडे जागा आहे, हिशेब जाणणारी निवृत्त बँक कर्मचाऱ्यांची फौज आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी कर्जाचे कागद वाचून दाखवणारे केंद्र चालवणे त्यांना अशक्य नाही. राज्य सरकारची मदत त्यासाठी मागायची ती हक्काने मागावी.

तोवर घर घेणाऱ्या प्रत्येकाने काही पथ्ये पाळावीत. कोऱ्या अर्जावर सही करू नये. खोटे उत्पन्न लिहू देऊ नये. मध्यस्थाने सुचवलेल्या बँकेखेरीज आणखी दोन ठिकाणी स्वतः जाऊन दर विचारावा. विवरणाचे तीन दिवस वापरावेत. बदलत्या दराचे घरकर्ज मुदतीआधी फेडल्यास व्यक्तीला दंड पडत नाही, आणि संपूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत, विलंब झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई मिळते, हे लक्षात ठेवावे. दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. आणि चहा घेऊन झाल्यावर त्या दुसऱ्या मध्यस्थाला संकोच न करता एकच प्रश्न विचारावा : “तुम्हाला पैसे कोण देतो, आणि किती?” उत्तर सरळ आले, तर त्याचा सल्ला ऐकण्यास हरकत नाही. उत्तर टाळले गेले, तर तो सल्ला कुणासाठी होता, हे आपोआपच समजेल.