राग रास्त, पत्ता चुकला

2025 च्या डिसेंबर महिन्याचा पहिला आठवडा देशातील विमानप्रवासी सहजासहजी विसरणार नाहीत. माफक भाडे आणि वेळेवर उड्डाण हीच जिची ओळख, त्या इंडिगो कंपनीची उड्डाणे एकामागून एक रद्द होऊ लागली. 3 ते 5 डिसेंबर या तीन दिवसांत 2,507 उड्डाणे रद्द झाली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकून पडले. दिवस ऐन लग्नसराईचे. भुवनेश्वरला अडकलेल्या एका नवदांपत्याला तर हुबळीतील स्वतःच्याच स्वागत समारंभाला पडद्यावरून हजेरी लावावी लागली. आईवडील त्यांच्या खुर्च्यांवर बसले आणि पाहुण्यांनी पडद्याकडे पाहून आशीर्वाद दिले.

लोक संतापले, आणि तो संताप रास्तच होता. आगाऊ रक्कम घ्यायची, माल द्यायच्या दिवशी हात वर करायचे आणि दुकानात विचारावे तर कोणी उत्तर देत नाही, असा व्यवहार कोणत्याही बाजारपेठेत खपवून घेतला जात नाही. परंतु हा संताप कोणावर कोसळला, हे पाहिले की मन खिन्न होते. त्या दिवसांतील चित्रफितींत गर्दीने वेढलेल्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षांच्या मुली आणि मुले उभी दिसतात. त्यांच्या हाती ना विमान, ना वैमानिक, ना खरी माहिती. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी ती अवस्था होती.

8 नोव्हेंबर 2016 नंतरच्या आठवड्यांत बँकांच्या खिडक्यांवरही हेच दृश्य होते. शाखेत नोटा किती याव्यात, हे रोखपाल ठरवीत नव्हता. तरीही रांगेतील प्रत्येकाचा पहिला शब्द त्यालाच ऐकावा लागत होता. निर्णय घेणारा दूर असतो आणि खिडकीवरचा माणूस जवळ असतो, म्हणून राग जवळच्यावर निघतो.

मग हा राग पोहोचायला हवा होता कोठे? त्यासाठी कारण समजून घ्यावे लागेल. वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीचे सुधारित नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. त्यांचा पहिला टप्पा 1 जुलै 2025 रोजी आणि दुसरा 1 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाला. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली आणि रात्री विमान उतरविण्याची मर्यादा आठवड्यात सहावरून दोनवर आली. थकलेल्या वैमानिकाच्या हाती दीडदोनशे जिवांचे विमान सोपवू नये, एवढाच या नियमांचा अर्थ. अधिक विश्रांती द्यायची तर अधिक वैमानिक लागणार, हे गणित चौथीच्या मुलालाही सुटावे. इशाराही मिळाला होता. नोव्हेंबरमध्येच कंपनीची 1,232 उड्डाणे रद्द झाली आणि त्यांपैकी 755 उड्डाणे कर्मचाऱ्यांची कमतरता व कामाच्या तासांची मर्यादा यांमुळे रद्द झाली होती. तरीही वेळापत्रक आटोपते घेतले गेले नाही. डिसेंबरमध्ये विमाने विमानतळांवर उभी होती, ती चालविणारी माणसे मात्र नव्हती.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या चौकशीचा निष्कर्षही हाच आहे. विमाने आणि माणसे यांचा शेवटच्या मिनिटापर्यंत वापर करण्याच्या हव्यासात अडीअडचणीसाठी काहीच शिल्लक ठेवले गेले नव्हते. व्यापारी घराण्यांतील वाचकांना ‘शिल्लक’ या शब्दाचे मोल वेगळे सांगायला नको. बँकेने घेतलेल्या प्रत्येक 100 रुपयांच्या ठेवीमागे सध्या 3 रुपये रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागतात आणि त्यांवर एक पैसाही व्याज मिळत नाही. नफ्याच्या दृष्टीने ते पडून असतात. माणसांच्या बाबतीतही बँकांत ‘लीव्ह रिझर्व्ह’ अशी सोय असे. कोणी रजेवर गेले तरी खिडकी बंद पडू नये म्हणून काही कर्मचारी अधिक धरले जात. ताळेबंदात हा खर्च दिसतो, त्याची कमाई मात्र संकटाच्या दिवशीच कळते. ज्या कंपनीकडे देशांतर्गत प्रवासाचा जवळजवळ दोनतृतीयांश वाटा आहे, तिने ही शिल्लक ठेवली नाही तर तिचे संकट साऱ्या देशाचे होते.

याहून अधिक विचार करायला लावणारी गोष्ट पुढे घडली. ‘काहीही करा, पण विमाने सुरू करा’ असा लोकांचा आग्रह होता. 5 डिसेंबरला रात्रीच्या कामासंबंधीच्या काही अटींतून कंपनीला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत तात्पुरती सवलत देण्यात आली. वैमानिकांच्या संघटनांनी आक्षेप घेतला, पण त्यांचा आवाज गर्दीत विरून गेला. म्हणजे आपली गैरसोय दूर झाली ती ज्यांच्या विश्रांतीसाठी नियम आला, त्यांच्याच विश्रांतीतून. विमानात शिरताना आपण आसन क्रमांक पाहतो. पुढे बसलेला माणूस काल रात्री झोपला होता का, हा प्रश्न आपल्या रागात कोठेच नव्हता.

शासनाने भाड्यावर कमाल मर्यादा घातली: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये आणि 1,500 किलोमीटरच्या पुढे 18,000 रुपये. परताव्याची मुदत ठरवून दिली आणि कंपनीची उड्डाणे दहा टक्क्यांनी कमी केली. जानेवारीत 22.20 कोटी रुपयांचा दंड झाला. त्याहून महत्त्वाची वाटते ती 50 कोटी रुपयांची बँक गॅरंटी. दंड एकदा भरला की प्रकरण मिटते. गॅरंटीचे तसे नसते. मनुष्यबळ आणि वेळापत्रक यांतील सुधारणा पडताळल्या जातील तशी ती टप्प्याटप्प्याने सुटणार आहे. ज्यांनी कंत्राटासाठी कधी बँक गॅरंटी दिली आहे, त्यांना या अंकुशाची धार ठाऊक असेल.

प्रवासी म्हणून आपले हक्कही माहीत असावेत. वेळेत पूर्वसूचना न देता कंपनीने स्वतःच्या कारणाने उड्डाण रद्द केले, तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा मिळतोच. शिवाय प्रवासाच्या कालावधीनुसार 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपयांपर्यंत, अथवा मूळ भाडे व इंधन आकार यांपैकी जी रक्कम कमी असेल तितकी, भरपाईही मागता येते. मात्र तिकीट काढताना प्रवाशाने संपर्काचा तपशील दिलेला असावा लागतो. आपल्याकडे साऱ्या कुटुंबाची तिकिटे एजंट आपल्याच क्रमांकावर काढतो. रद्द झाल्याची सूचना त्याच्याकडे जाते आणि आपण विमानतळावर पोहोचतो. यापुढे प्रत्येकाने स्वतःचा क्रमांक आणि ई-मेल नोंदविला आहे की नाही, हे पाहून घ्यावे. परतावा मागताना तक्रार लेखी करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. खिडकीवर चढवलेल्या आवाजाची नोंद कोठेही होत नाही, लेखी तक्रारीची होते.

आणि एक प्रश्न आपल्या पेढीपुरता. आपला मुनीम किंवा गोदामावरचा माणूस उद्या आठ दिवस आजारी पडला, तर त्याचे काम जाणणारा दुसरा कोणी आहे का? वर्षानुवर्षे ‘त्याच्यावाचून चालत नाही’ असे आपण ज्याच्याविषयी कौतुकाने सांगतो, त्याला आपण शेवटची सलग रजा कधी दिली होती? इंडिगोला जो प्रश्न आपण तावातावाने विचारला, त्याचे आपल्या दुकानातील उत्तर येत्या आर्थिक वर्षाचा आराखडा मांडताना एकदा तपासून पाहावे.