वीणेची तार आणि लळिंगची चढण



पावसाळा लागला की आपल्या खान्देशातील पोरे डोंगराकडे वळतात. धुळ्याची लळिंगकडे, चाळीसगावची पाटणादेवीकडे, यावल-चोपड्याची सातपुड्याच्या पायथ्याशी. पूर्वी ही मंडळी फिरायला जात, आता धावायला जातात. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरचा घाट चढून उतरण्याची २१ किलोमीटरची शर्यत भरते. तेव्हापासून डोंगरी शर्यतीचे वेड महाराष्ट्रभर वाढले आहे. आपल्या वस्त्यांतील मुलामुलींना मात्र हौसेपेक्षा पोटाची ओढ अधिक. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि राज्य राखीव दलासाठी ५ किलोमीटर धावावे लागते. चढणीवर सराव केला की मैदान सोपे जाते, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

या मुलांचा आम्हाला नेहमी एक प्रश्न असतो. "काका, रोज पळतो, पण एखाद्या दिवशी अंगच चालत नाही. त्या दिवशी रेटायचे की थांबायचे?" प्रश्न साधा आहे, उत्तर साधे नाही. २०२४ च्या पावसाळ्यात भरतीच्या मैदानावर धावताना कोसळून तरुण दगावल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. म्हणून या वेळचे सदर याच प्रश्नाला दिले आहे.

लळिंगचा डोंगर आपल्या समाजाला नवा नाही. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आले असता लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात मुक्कामाला होते. त्याची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलैला तेथे भीमस्मृती यात्रा भरते. हजारो लोक, त्यांत कडेवर मूल घेतलेल्या माउल्या आणि काठी टेकणारे म्हातारे, ती चढण चढून जातात. यात्रेआधीच्या एका रविवारी, गर्दी नसताना, आम्ही वस्तीतील दहा-बारा मुलामुलींबरोबर तीच चढण धावत चढायला गेलो होतो.

तो दिवस आमचा नव्हता. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. झोप झाली होती, पोट ठीक होते, हवाही ढगाळ होती. तरी पहिल्याच वळणावर मांड्या ओल्या पोत्यासारख्या जड झाल्या. दुसऱ्या वळणावर श्वास छातीत मावेना. पोरे पुढे निघून गेली. दहावीतील एक मुलगी "काका, येते हं पुढे" म्हणत हरणासारखी गेली. पायाखाली सुटे दगड, वर चिखल. एक पाऊल वर टाकावे तर अर्धे खाली घसरे. आम्ही धावणे सोडून चालू लागलो. तेवढ्यात डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक आजी वरून उतरत आली. आमच्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "हयूहयू चाल रे भो, डोंगर काही पयी जास नही."

आजीने अहिराणीत जे सांगितले तेच शरीरशास्त्र सांगते. तीव्र चढणीवर धावण्यापेक्षा झपझप चालण्यात शक्ती कमी लागते आणि वेळेत फारसा फरक पडत नाही. डोंगरी शर्यतीतले मुरलेले धावपटूही उभ्या चढणीवर हात मांडीवर टेकून चालतात. त्यात कमीपणा नाही. आम्ही सर्वांच्या शेवटी वर पोहोचलो, पण धडधाकट पोहोचलो.

हिशेबाचे काम करणाऱ्याला एक गोष्ट कळते. खात्यावर शिल्लक नसेल तर धनादेश कितीही जोरात सही करून दिला तरी वटत नाही. अंगाचेही तसेच आहे. कधी आठवडाभराचा थकवा साचलेला असतो, कधी ताप आत मुरत असतो, कधी पाणी कमी पडलेले असते, कधी मनावर घरची काळजी असते. खर्च दिसतो एका दिवशी, पण तो झालेला असतो आधीच.

यावर भगवान बुद्धांनी सोण नावाच्या भिक्खूला जे सांगितले ते प्रत्येक धावणाऱ्याने ध्यानात ठेवावे. सोण हा चंपा नगरीतील श्रीमंत घरचा, अतिशय नाजूक तळव्यांचा तरुण. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळील सीतवनात तो चंक्रमण करताना इतका चालला, इतका चालला की तळवे फुटून वाट रक्ताने माखली. तरी मनाला शांती मिळेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. बुद्धांनी त्याला विचारले की तू पूर्वी वीणा वाजवीत होतास ना? तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडली तर वाजते का? सोण समजला. प्रयत्न सोडायचा नाही, पण त्याची तार बेताची लावायची.

या कथेचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. सोणचे पाय पाहून बुद्धांनी त्याला पादत्राणे घालण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला सवलत नको, सर्व संघाला मिळत असेल तर मीही घेईन. मग ती परवानगी सर्व भिक्खूंना मिळाली. आज चांगले बूट घेऊन धावणाऱ्याने शेजारच्या फाटक्या बुटांकडेही पाहावे, हा धडा यात आहे.

आता कुणी म्हणेल, काका, सैल सोडून पदक मिळत नाही. बरोबर आहे. म्हणून अविनाश साबळे यांचे उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा. आई-वडील वीटभट्टीवर राबलेले. बारावीनंतर तो सैन्यात गेला तो महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या. मैदानात उभा केलेला डोंगरच म्हणा ना. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत देशाची सारी आशा त्यांच्यावर होती आणि ते पहिल्याच फेरीत बाद झाले. एवढ्या मोठ्या धावपटूलाही न चालणारा दिवस आला. पुढे सहा आठवड्यांनी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेत ८ मिनिटे १९.५० सेकंदांचा स्पर्धाविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक घेतले. तो दिवस होता १ ऑक्टोबर. १९४१ साली याच तारखेला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पहिल्या महायुद्धानंतर महारांची पलटण मोडली गेली होती. आमच्या माणसांना पुन्हा सैन्यात घ्या, म्हणून संरक्षण सल्लागार समितीवर असलेल्या बाबासाहेबांनी सरकारकडे जोर धरला, तेव्हा ही रेजिमेंट आली. एक दिवस बिघडला म्हणून माणूस संपत नाही आणि एक पलटण मोडली म्हणून समाजही संपत नाही.

पण बंधू-भगिनींनो, प्रत्येक वाईट दिवस निव्वळ थकव्याचा नसतो, आणि येथेच खरा धोका आहे. वारंवार धाप लागत असेल, तर आधी रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ स्त्रियांत रक्त कमी आढळले. म्हणजे धावताना मागे पडणारी आपली मुलगी आळशी नसेल, तिला लोह कमी पडत असेल.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. हा आजार सातपुड्यातील आदिवासी बांधवांत आहे, तसाच विदर्भातील आपल्या बौद्ध कुटुंबांतही आहे, आणि विदर्भ-खान्देश सोयरिकी आता होतच असतात. ज्याच्या रक्तात एकच सदोष जनुक आहे तो वाहक. तो एरवी ठणठणीत असतो, पण उन्हात, पाणी न पिता, दम संपेपर्यंत धावला तर त्याला गंभीर त्रास होऊ शकतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता शेकडा २५ असते. सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत तपासणी होते. लग्नाआधी पत्रिका पाहू नका, हा अहवाल पाहा.

तेव्हा धावणाऱ्या मुलांसाठी थोडक्यात. अंग जड आहे, पण बोलता येते आहे, तर वेग कमी करून चालत राहा. धाप लागून एक वाक्यही पुरे होत नसेल तर थांबा. छातीत दुखणे, भोवळ, थंड घाम, डोके गरगरणे, पाय एकाएकी लुळे पडणे, यांपैकी काहीही झाले तर बसा, सावली शोधा, सोबत्याला हाक मारा आणि दवाखाना गाठा. अंगात ताप असेल तर त्या दिवशी धावायचेच नाही. ताप आणि श्रम एकत्र आले की हृदयाला धोका असतो. उतरताना लहान पावले टाका, कारण मांड्या चढण्यापेक्षा उतरण्याने अधिक दुखावतात. आपल्याकडचे ऊन कडक, म्हणून सराव पहाटेच करा. महागड्या बाटल्या नकोत. जुलाब होऊन किंवा घामाने अंगातले पाणी गेले असेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते.

पालकांनाही एक विनंती. "अमक्याचा पोरगा भरती झाला, तू का नाही" हे वाक्य घरातून काढून टाका. आजारी पोरगा मैदानावर उभा राहतो तो पुष्कळदा या वाक्याच्या भीतीने.

वस्तीतील मंडळांनी एवढे करावे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर रक्ततपासणीचे शिबिर ठेवावे. आरोग्य केंद्राला लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी. आणि डोंगरावर जाताना एक नियम पाळावा, कुणीही एकट्याने धावायचे नाही. सर्वांत शेवटच्याबरोबर एक जण कायम राहील. लळिंगला आमच्याबरोबर तसा एक मुलगा मागे राहिला होता. भरतीच्या तयारीत असूनही त्याने आपला वेग सोडला आणि आमच्या पावलाने चालला. ३१ जुलैला लांडोर बंगल्याची चढण चढणाऱ्या प्रत्येक तरुणाने असाच एखादा म्हातारा, एखादी माउली आपल्या पावलाशी घ्यावी. जयभीम!