तेलाची बाटली आणि वाचनाचा धडा



अकोले तालुक्यातल्या काही आयांनी आम्हाला विचारले आहे. पोरगा चौथीत गेला, पण दुसरीचा धडाही अडखळत वाचतो. कुणी सांगितले, माशाच्या तेलाच्या गोळ्या दे, मेंदू तल्लख होईल. बाटलीवर ओमेगा-3 असे लिहिलेले असते. महिन्याची बाटली म्हणजे शेतमजूर बाईची एक-दोन दिवसांची मजुरी. ती घालावी काय?

वाचनासाठी घालू नका, असे आमचे मत आहे. पण आम्ही म्हणतो म्हणून ऐकू नका. कुणी मोठा सांगतो एवढ्यावरून मानू नये, स्वतः पारखावे, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तर पारखू या.

मेंदूच्या घडणीत डीएचए नावाची एक चरबी असते आणि ती माशांत भरपूर मिळते, हे खरे आहे. म्हणून गोळीने वाचन सुधारेल, असे वाटणे साहजिक आहे. पण गोळी घेणारे पोर चार महिन्यांत थोडे पुढे जातेच, ते शाळेतही जात असते ना! म्हणून खरी परीक्षा अशी घेतात की, अर्ध्या मुलांना तेल द्यायचे, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी द्यायची, आणि कुणाला काय मिळाले हे मुलांना व शिक्षकांना कळू द्यायचे नाही.

अशी परीक्षा इंग्लंडात डरहॅम भागात झाली. हालचालीत अडचण असलेली 117 मुले होती, 2005 साली निकाल छापून आला, आणि तेल घेणाऱ्यांचे वाचन व शुद्धलेखन सुधारले होते. मग काय, गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी तिथल्या कौन्सिलने हजारो विद्यार्थ्यांना गोळ्या द्यायचे जाहीर केले, पण तुलनेला खोट्या गोळीचा गटच ठेवला नाही. शास्त्रज्ञांनी यावर टीका केली, ती रास्तच होती.

नंतर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी वाचनात मागे पडलेल्या, एरवी निरोगी अशा 362 मुलांना रोज 600 मिलिग्रॅम डीएचए किंवा खोटी गोळी 16 आठवडे दिली. 2012 च्या त्या निकालात एकूण मुलांत फरक नव्हता. अगदी तळाच्या मुलांत थोडा दिसला. त्या थोड्यावरच जाहिराती उभ्या राहतात. म्हणून तळाचा तो फरक खरा आहे का, हे बघायला 376 मुलांवर पुन्हा परीक्षा झाली. 2018 साली निकाल आला, आणि फरक उरला नव्हता.

आपल्या देशातही झाले आहे. बंगळूरला 6 ते 10 वर्षांच्या 598 शाळकरी मुलांना वर्षभर ओमेगा-3 चा कमी किंवा जास्त डोस दिला. 2009 च्या त्या निकालात बुद्धीच्या चाचण्यांत तेलाचा फायदा आढळला नाही. पुण्यात 2006 साली जवसाचे तेल आणि क जीवनसत्त्व देऊन अतिचंचल मुलांत सुधारणा दिसल्याचे प्रसिद्ध झाले आहे. पण ते चंचलपणाबद्दल होते, वाचनाबद्दल नव्हे.

आम्हाला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. काल म्हणत होते, तुमच्या पोरांच्या डोक्यात जन्मानेच काही नाही. आज म्हणतात, तुमच्या पोरांच्या डोक्यात तेल कमी आहे. दोन्हीकडे दोष पोराच्या डोक्याचा! शिकवले किती, कसे, हे कुणी विचारत नाही.

आहाराला आम्ही कमी लेखत नाही. मासे मिळतील तेव्हा जरूर खा. भंडारदऱ्याचे असोत की बाजारातले सुकट-बोंबील. तारली, बांगडा मिळाला तर उत्तमच. जवसाची चटणीही चांगली, मात्र जवसातल्या चरबीचे शरीरात डीएचए फारच थोडे बनते. आपल्या डोंगरातल्या खुरासणीच्या तेलात तर ओमेगा-3 जवळजवळ नसतेच, ते तेल इतर गुणांसाठी खावे. आणि अंडे! सरकारने 2023 च्या नोव्हेंबरात शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडे दिले आणि 2025 च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला. बाटलीच्या पैशात घरी किती अंडी येतात, याचा हिशेब करून बघा.

पोर वाचत नसेल तर आधी डोळे तपासून घ्या. फळा न दिसणारे पोर मठ्ठ ठरते, हे आम्ही फार पाहिले. कान तपासा. फिकट दिसत असेल तर ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासा. जंताची गोळी चुकवू नका.

आणि शिकवणी. मुंबईच्या वस्त्यांत 1995 च्या सुमारास सुरू झालेल्या प्रथम संस्थेची रीत अशी आहे की, पोर कितवीत आहे ते बघायचे नाही, त्याला काय येते ते बघायचे आणि तिथून सुरुवात करायची. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात गावातल्याच तरुणांनी या रीतीने शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले. तिथेही काही गावांत वर्ग, काही गावांत नाही, अशी तुलना केली होती. वर्गाला बसलेल्या मुलांचे वाचन स्पष्ट सुधारले. पण बसली मात्र फार थोडी. आम्हाला यातली मेख इथेच दिसते. वर्ग काढणे सोपे आहे, पोर रोज आणून बसवणे अवघड.

आपल्याकडे विहार आहे. संध्याकाळी वंदना झाल्यावर सतरंजी तशीच राहू द्या. बारावी झालेली एखादी ताई, आठ-दहा पोरे, रोज एक तास. अक्षरे येणारी एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे. चौथीचा असो की सहावीचा, लाज धरायची नाही. बाटलीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून महिन्याला दोन गोष्टीची पुस्तके घ्या, आणि पोराला घरी आजीपुढे मोठ्याने वाचायला लावा. आजीला वाचता येत नसले तरी चालेल, अडखळला की तिला बरोबर कळते.