लिटर तेच, माप निराळे

मंगेशीला किंवा शांतादुर्गेला कुळाचारासाठी जाणारी आपल्याकडची जुनी घराणी पुष्कळदा बेळगावाहून लोंढा, तिनईघाट, अनमोड या वाटेने गोव्यात उतरतात. घाट लागण्यापूर्वी रस्त्याच्या दोन्ही अंगांस जे दाट रान लागते, ते कोणत्या मुलखाचे याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. तो उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका. पूर्वी त्याला सुपे म्हणत. काळी नदीवर धरण झाले, सुपे गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याची कचेरी जोयड्यास आली. २०११ च्या खानेसुमारीत या विस्तीर्ण तालुक्याची वस्ती अवघी ५२ हजारांच्या आसपास भरली. कोकणी व मराठी बोलणारी ही माणसे रानात विखुरलेल्या वाड्यांतून राहतात. जिल्ह्याचे ठाणे कारवार, तेथून अणशीच्या घाटाने सुमारे ८० किलोमीटर. जवळची मोठी बाजारपेठ म्हणजे दांडेली, आणि अडला-नडला रोगी न्यायचा तर हुबळी किंवा बेळगाव.

या तालुक्याचे नाव आज काढण्याचे कारण पेट्रोल. त्यात इथेनॉल मिसळण्याच्या धोरणावर शहरात वर्ष-दीड वर्ष पुष्कळ बोलले गेले. त्या बोलण्यात बहुधा दोनच पक्ष दिसले : एक देशाचे परकीय चलन मोजणारा, दुसरा आपल्या महागड्या मोटारीच्या इंजिनाची काळजी वाहणारा. जोयड्यासारख्या ठिकाणी आठ-दहा वर्षे वापरलेली लहान गाडी दुसऱ्या हाताने घेऊन चालविणारा मनुष्य या दोहोंत कोठेच बसत नाही. वास्तविक हे प्रकरण सर्वांत आधी त्याचे आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा मध्यमवर्गाला मोटार मिळाली असे आपण म्हणतो. परंतु लहान गाडीचा खरा उपयोग शहरातल्या पहिल्या मालकाने ती विकल्यावर सुरू होतो. अशा आडमुलखात तीच बाळंतिणीची डोली, तीच परीक्षेला निघालेल्या पोरांची गाडी, तीच सुपारीची आणि कंदमुळांची पोती बाजारात नेणारी. एस. टी. दिवसातून मोजक्या वेळा येते, आणि रात्री तर रस्ता वाघांच्या रानातून जातो. गाडी घेताना तेथला मनुष्य रंग पाहत नाही, गादी पाहत नाही. एकच प्रश्न विचारतो : ॲव्हरेज किती देते?

त्या ॲव्हरेजचीच येथे गोष्ट आहे. इथेनॉल म्हणजे मद्यार्क. उसाच्या मळीपासून किंवा रसापासून, आणि अलीकडे मका व तांदूळ यांपासूनही तो काढतात. तो जळतो आणि चांगला जळतो. त्याने पेट्रोलचे ऑक्टेनही वाढते. म्हणून गवळ्याने दुधात पाणी घालावे तसा हा प्रकार आहे असे कोणी म्हणेल तर तो अन्याय होईल. मात्र लिटरभर मद्यार्कात लिटरभर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच उष्णता असते. पाचवा हिस्सा मद्यार्क घातला की लिटरातील उष्णता शेकडा ६-७ ने उतरते. हे गुपित नाही. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या बेताच्या चारचाकी गाड्यांचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने वीस टक्क्यांसाठी जुळविलेल्या गाड्यांत १ ते २ आणि इतरांत ३ ते ६ टक्के घट होईल असे सांगितले. एप्रिल २०२३ पासून निघालेल्या गाड्या या मिश्रणासाठी बनविलेल्या आहेत. जोयड्यातली गाडी त्यांत कोठून असणार?

मंत्रालयाचाच मधला आकडा घेऊ, ५ टक्के. लिटरला १८ किलोमीटर चालणारी गाडी १७ वर येते. महिन्याला हजार किलोमीटर चालली तर जवळजवळ तीन लिटर अधिक लागते. लिटर १०३ रुपये धरले तर महिना तीनशे, वर्षाला साडेतीन हजारांवर. शहरातल्या कुटुंबाला ही रक्कम एका संध्याकाळच्या उपाहारगृहाची वाटेल. ज्याला दांडेलीला जावेच लागते त्याच्या हिशेबात ती चार टायरांपैकी एकाची आहे.

मिश्रण ही गोष्ट मात्र काल-परवाची नव्हे. १९४८ साली आपण पॉवर अल्कोहोलचा कायदा केला होता. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा मागे भट्टी लावून कोळशाच्या वायूवर धावणाऱ्या मोटारी वडीलधाऱ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांच्या धुराच्या आठवणी काही घरांत अजून निघतात. आजच्या योजनेचा पहिला प्रयोग २००१ मध्ये झाला तो मिरज व मनमाड येथे आणि उत्तर प्रदेशात बरेलीस. २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्क्यांचा पल्ला गाठला, आणि वीस टक्के २०३० पर्यंत करावयाचे ठरले होते ते २०२५ मध्येच झाले. प्रवरेचा सहकारी कारखाना ज्या समाजाने उभा केला, त्याला ऊसकऱ्याला चार पैसे वेळेवर मिळण्याचे मोल सांगावे लागत नाही. सरकारच्या हिशेबाप्रमाणे २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत या योजनेने १ लाख ४४ हजार कोटी रुपयांचे परकीय चलन वाचले. जोयड्याला लागूनच हल्याळ तालुका आहे. तेथे साखर कारखाना आहे आणि त्याला जोडून आसवनीही. तेथल्या ऊसकऱ्याचे भले झाले तर जोयड्याच्या कुणब्याला त्याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही.

आमचा वाद मिसळण्याशी नाही, मापाशी आहे. संस्थानागणिक शेर निराळा असे, आणि बाजारात पाऊल टाकणारा आधी शेर कोणता ते विचारी. १९५६ च्या कायद्याने किलो व लिटर सर्वत्र एक झाले, तेव्हा गिऱ्हाइकाची ती विवंचना संपली असे आपण समजलो. आता लिटर तेच राहिले आणि त्याच्या पोटातला ऐवज कमी झाला. निती आयोगाच्या त्याच आराखड्याने सुचविले होते की, उष्णता घटते तिची भरपाई म्हणून मिश्र इंधनाला करात सवलत द्यावी. ती गिऱ्हाइकापर्यंत आली नाही. आता मंत्रालय म्हणते, इथेनॉल त्या वेळी स्वस्त होते, आज जुलै २०२५ च्या हिशेबाने वाहतूक व करासह ते लिटरला ७१ रुपये ३२ पैसे पडते, म्हणजे पेट्रोलच्या कारखान्यातल्या किमतीहून अधिक. हे खरे असेल. पण वस्तू महाग पडली म्हणून तिची उष्णता वाढत नाही.

ब्राझीलचे उदाहरण आपल्याकडे वारंवार देतात, ते अर्धेच देतात. तेथे १९७५ पासून हे धोरण आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल घालतात, हे ठीक. परंतु तेथे पंपावर शुद्ध इथेनॉलचा भाव निराळा लिहिलेला असतो, आणि तो पेट्रोलच्या शेकडा सत्तरांहून खाली असला तरच ते घ्यावे, हा हिशेब टॅक्सीवाल्यालाही पाठ असतो. तेथे गिऱ्हाईक निवड करतो. आपल्याकडे बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय मागणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळला. आडगावच्या पंपावर दोन टाक्या, दोन नळ्या ठेवणे अवघड आहे, हेही आम्ही मान्य करतो.

जोयड्याला आणखी एक अडचण आहे, पावसाची. मद्यार्क हवेतले पाणी ओढतो. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की मद्यार्क ते घेऊन टाकीच्या तळाशी वेगळा बसतो, आणि मग सकाळी गाडी सुरू होत नाही. रोज धावणाऱ्या गाडीला हे भय फारसे नाही. चार महिन्यांच्या धारेत आठ-आठ दिवस गोठ्याशेजारी उभी राहणारी जुनी गाडी त्याला अधिक बळी पडते. रबरी नळ्या व गास्केटे वीस-तीस हजार किलोमीटरांनंतर बदलावी लागतील, ते काम स्वस्त व सोपे आहे, असे मंत्रालयाने म्हटले आहे. जेथे मेकॅनिक दारात आहे तेथे सोपेच आहे. जोयड्यातील मालकाने मात्र पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी हे बरे. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जी. एस. टी. अठरा टक्क्यांवर आला. नवी गाडी घेणाऱ्याला त्याचा लाभ झाला. पेट्रोल मात्र जी. एस. टी. च्या बाहेरच आहे, आणि २०२५ च्या हिशेबाने त्याच्या किमतीत तिसऱ्या हिश्शाहून अधिक रक्कम केंद्राच्या व राज्याच्या करांची होती. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये आपला विक्रीकर वाढविला तेव्हा लिटर तीन रुपयांनी चढले. म्हणजे ॲव्हरेज उतरल्यामुळे जे तीन लिटर अधिक घ्यावे लागतात, त्यांवरही पुन्हा कर भरावयाचा. मनात आले तर कर उतरविता येतो, हे अनमोडच्या पलीकडेच एकदा दिसले आहे. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर नाममात्र केला आणि लिटर सुमारे ११ रुपयांनी उतरले. पुढे तो कर परत आला, ही गोष्ट वेगळी.

येथे ११ रुपये कोणी मागत नाही. ॲव्हरेजच्या पाच टक्के घटीने हिशेब केला तर १०३ रुपयांच्या लिटरावर पाच रुपये निघतात. प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक अक्षरांत, कन्नडात, आणि जोयड्यासारख्या ठिकाणी मराठीतही लिहावे, व तेवढे पाच रुपये कमी घ्यावेत. ते केंद्राने सोडावयाचे, बंगळूरच्या सरकारने की तेल कंपन्यांनी, हा त्या तिघांच्या घरातल्या वाटणीचा प्रश्न आहे. गिऱ्हाइकाने त्यात का पडावे?