टोपणनाव आणि मुखवटा

मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत टोपणनावाने लिहिण्याची परंपरा जुनी आहे आणि सन्मानाचीही आहे. कृष्णाजी केशव दामले यांनी ‘केशवसुत’ हे नाव घेतले. राम गणेश गडकऱ्यांनी कविता लिहिली ती ‘गोविंदाग्रज’ या नावाने. वि. वा. शिरवाडकर ‘कुसुमाग्रज’ झाले. इकडे धारवाडात द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. पण कन्नड कवितेखाली त्यांनी ‘अंबिकातनयदत्त’ अशी सही केली. या नावांकडे थोडे निरखून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. एकाने स्वतःला वडिलांचा मुलगा म्हटले, दुसऱ्याने धाकट्या भावाचा थोरला भाऊ, तिसऱ्याने धाकट्या बहिणीचा, तर चौथ्याने आईचा मुलगा. स्वतःचे नाव मागे ठेवून घरातल्या माणसाचे नाव पुढे करण्याची ही रीत आहे. तिच्यात संकोच आहे, प्रेम आहे. फसवणूक नाही.

आता या नावांच्या शेजारी दुसरे एक नाव ठेवून पाहू. ते नाव मेरी रोश. २००० सालानंतरची दोन-तीन वर्षे इंटरनेटवरील वादविवादांत ही बाई हिरिरीने भाग घेत असे. वादाचा विषय होता अमेरिकेतील बंदुकांचा कायदा. जॉन लॉट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ साली ‘मोअर गन्स, लेस क्राइम’ हे पुस्तक लिहून नागरिकांजवळ बंदुका असल्याने गुन्हे घटतात असे प्रतिपादन केले होते आणि त्यावर रणे माजली होती. मेरी रोश लॉट यांची बाजू घेत असे. आपण व्हार्टन येथे त्यांची विद्यार्थिनी होतो, त्यांच्यासारखा प्राध्यापक आपल्याला दुसरा भेटला नाही, असे ती सांगे. विद्यार्थी त्यांच्याच तासांना इतकी गर्दी करीत की, ‘दुसऱ्या प्राध्यापकांकडेही शिका’ असे त्यांनाच अखेर सांगावे लागले, अशी आठवणही तिने लिहून ठेवली होती.

जानेवारी २००३ मध्ये ज्युलियन सांचेझ या तरुण लेखकाने एक साधी तपासणी केली. मेरी रोशचे लेखन ज्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या ज्या जोडणीवरून येत होते तो पत्ता आणि लॉट यांच्या पत्राबरोबर आलेला पत्ता त्याने ताडून पाहिला. दोन्ही एकच निघाले. मेरी रोश म्हणजे स्वतः लॉटच होते. त्यांनी ते कबूल केले. आपल्या चार मुलांच्या नावांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून हे नाव तयार केले होते, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे नाव बनवण्याची रीत केशवसुतांचीच: घरातल्या माणसांच्या नावावरून! पण केशवसुतांच्या नावाने कविता लिहिली आणि या नावाने आपल्याच धन्याला प्रशस्तिपत्र दिले. टोपणनाव आणि मुखवटा यांतला फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

नाव लपवणे हा मुळी दोषच नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर विभावरी शिरूरकर असे नाव होते. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातले सत्य त्या काळी एका स्त्रीने उघड नावाने लिहिणे किती कठीण होते, हे त्या पुस्तकावर उठलेल्या वादळावरूनच दिसले. मालतीबाई बेडेकरांना ते नाव ढालीसारखे उपयोगी पडले. आजही वरिष्ठांचा अन्याय सांगणारा कर्मचारी किंवा वसतिगृहातला छळ उघड करणारी विद्यार्थिनी यांनी नाव लपवले तर त्यांना कोणी दोष देऊ नये. दुबळ्याला ढाल लागतेच. म्हणून विचारायचा प्रश्न असा, की हे नाव काय करते आहे? ते सत्य सांगणाऱ्याचे रक्षण करते आहे, की मालकाच्या बाजूने तिऱ्हाईत म्हणून साक्ष देते आहे?

आत्मस्तुती ही काही नवी गोष्ट नव्हे. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे मोजताना स्वतःची स्तुती स्वतःच करणाऱ्याला त्या यादीत बसवले आहे. पण असा मूर्ख एका अर्थी निरुपद्रवी असतो. तो आपलीच टिमकी उघडपणे वाजवतो, ऐकणारा हसतो आणि त्याच्या बोलण्यातले बारा आणे वजा करून चार आणे घेतो. मुखवटा घालणारा मात्र आपल्याला ही वजाबाकी करू देत नाही. तो तिऱ्हाइताच्या आवाजात बोलतो. आणि आपले सगळे सार्वजनिक जीवन त्या तिऱ्हाइताच्या आवाजावर उभे असते. कोणते पुस्तक घ्यावे, कोणत्या डॉक्टरकडे जावे, कोणाच्या शिकवणीला मुलाला घालावे, हे आपण ‘त्याला यात काही मिळवायचे नाही’ अशा माणसाला विचारून ठरवतो. न्यायालयात वादीने स्वतःच साक्षीदाराचा वेष घेऊन पिंजऱ्यात उभे राहावे, तसा हा प्रकार आहे.

शिवाय हा साक्षीदार नुसती स्तुती करून थांबत नाही. ऑर्लँडो फायजेस हे तेव्हा लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात रशियन इतिहासाचे नामवंत प्राध्यापक होते. २०१० साली असे उघड झाले की, ॲमेझॉनवर ‘हिस्टोरियन’ या नावाने रेचल पोलोन्स्की आणि रॉबर्ट सर्व्हिस या त्याच विषयावरील लेखकांच्या पुस्तकांची नालस्ती करणारे आणि खुद्द फायजेस यांच्या पुस्तकाची भरभरून प्रशंसा करणारे अभिप्राय एकाच हाताचे होते. प्रथम वकिलांमार्फत इन्कार झाला, मग पत्नीने दोष स्वतःवर घेतला आणि शेवटी प्राध्यापकांनी कबुली देऊन नुकसानभरपाई दिली. २०१२ साली आर. जे. एलरी या इंग्रज रहस्यकथाकारानेही आपल्या पुस्तकांना बनावट नावांनी पाच तारे आणि इतर लेखकांना एकच तारा दिल्याचे कबूल केले. ते उघडकीस आणले जेरेमी डन्स या दुसऱ्या लेखकाने. आत्मस्तुती आणि परनिंदा या जुळ्या बहिणी आहेत. एक घरात शिरली की दुसरीला वेगळे आवतण द्यावे लागत नाही.

येथवरचे वाचून कोणी प्राध्यापक म्हणतील, ‘हे झाले पुस्तकविक्रीचे. विद्येच्या क्षेत्रात तपासणी कडक असते.’ ती कशी असते तेही पाहू. शोधनिबंध छापण्यापूर्वी नियतकालिक तो त्या विषयातील तज्ज्ञ परीक्षकांकडे पाठवते. काही नियतकालिके ‘परीक्षक म्हणून कोणाला विचारावे’ हे लेखकालाच सुचवायला सांगतात. दक्षिण कोरियातील ह्युंग-इन मून या वनौषधी संशोधकाने नावे सुचवली. काही नावे खऱ्या शास्त्रज्ञांची होती, काही कल्पित होती. पण त्यांपुढचे ई-मेलचे पत्ते त्याच्या स्वतःच्या किंवा त्याच्या सहकाऱ्यांच्या हातातले होते. अभिप्राय अनुकूल येत. संशय येऊ नये म्हणून त्यांत किरकोळ सुधारणाही सुचवलेल्या असत. संपादकाला शंका आली ती वेगळ्याच कारणाने. काही अभिप्राय चोवीस तासांच्या आत येत होते! परीक्षकाची वाट पाहत महिने काढलेल्या कोणाही प्राध्यापकाला या शंकेचे मर्म समजेल. मून यांचे २८ निबंध मागे घेण्यात आले.

याहून मोठे प्रकरण तैवानात झाले. तेथील एका प्राध्यापकाभोवती बनावट परीक्षकांचे जाळेच उघडकीस आले. जुलै २०१४ मध्ये ‘जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल’ या नियतकालिकाने एकदम ६० निबंध मागे घेतले. तपासात सुमारे १३० संशयास्पद ई-मेल खाती सापडली. काही निबंधांवर त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांचे नाव सहलेखक म्हणून होते. आपल्याला या प्रकाराची कल्पना नव्हती असे त्यांनी सांगितले, पण मंत्रिपद सोडावेच लागले. निबंधांची संख्या मोजून माणसाची विद्वत्ता ठरवण्याची पद्धत आपल्या विद्यापीठांनाही अपरिचित नाही. जेथे मोजणीलाच मान मिळतो तेथे मोजणी फुगवण्याचा मोह होणारच. हा मोह परदेशातल्याच लोकांना होतो असे समजण्याचे कारण नाही.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. वॉल्ट व्हिटमन या थोर अमेरिकन कवीने १८५५ साली ‘लीव्हज ऑफ ग्रास’ प्रसिद्ध केल्यावर त्याची स्तुतिपर परीक्षणे स्वतःच निनावी लिहून छापून आणली होती. मग तो लहान ठरला काय? जग ओळखत नाही, टीकाकार दार उघडत नाहीत, अशा वेळी नवख्याने थोडा ढोल वाजवला तर बिघडले कोठे? माझे उत्तर असे की, व्हिटमन थोर ठरला तो त्या परीक्षणांमुळे नव्हे, ती असूनही ठरला. त्या वर्षी त्याला खरे बळ मिळाले ते एका पत्राने. जुलै १८५५ मध्ये इमर्सनने त्याला मनापासून गौरवाचे पत्र लिहिले आणि त्याखाली स्वतःची सही केली. व्हिटमनला त्या पत्राचे मोल इतके वाटले की, इमर्सनला न विचारताच त्याने ते वर्तमानपत्रात छापून टाकले! स्वतः लिहिलेली परीक्षणे हाताशी असताना त्याला दुसऱ्याच्या सहीची भूक होतीच. आपणच दिलेल्या प्रशस्तीने आपले समाधान होत नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

एकट्या लेखकाच्या मोहापुरते हे राहिले असते तरी एक वेळ चालले असते. पण त्याचा बाजार झाला. २०१२ साली अमेरिकेतील एका धंद्याची हकिकत प्रसिद्ध झाली. तेथे पुस्तकावरील एका अनुकूल अभिप्रायाचा दर ९९ डॉलर होता, वीस अभिप्राय ४९९ डॉलरना आणि पन्नास ९९९ डॉलरना मिळत. घाऊक घेतले की स्वस्त, कांद्याबटाट्यासारखे! आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केले. अभिप्राय लिहिणारा खरा आहे की नाही हे पडताळावे, पैसे घेऊन लिहिलेले अभिप्राय छापू नयेत, असा त्याचा रोख आहे. मात्र जाहीर झाले तेव्हा ते पाळणे ऐच्छिक ठेवले होते. अमेरिकेत बनावट अभिप्रायांना मनाई करणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. नियम हवेतच. पण कायदा चोराच्या मागून चालतो. आता तर यंत्रच माणसासारखे लिहू लागले आहे. शंभर जणांच्या शंभर लकबींत एकाच माणसाची स्तुती ते घटकेत लिहून देईल.

यात सर्वांत मोठे नुकसान कोणाचे? फसलेल्या ग्राहकाचे शंभर-दोनशे रुपये जातात. तो दुसऱ्या वेळी सावध होतो. खरे नुकसान प्रामाणिक माणसाचे होते. समजा, आपल्याच गावातल्या एखाद्या नव्या कवयित्रीने पहिला संग्रह काढला आणि दहा वाचकांनी तो मनापासून आवडल्याचे लिहिले. आज वाचणारा पहिल्याने म्हणेल, ‘असतील हिच्याच मैत्रिणी!’ खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला की दुकानदार खरे नाणेही चारदा आपटून पाहतो. खोट्या साक्षीदारांनी खऱ्या साक्षीदाराची किंमत अशी घालवली आहे आणि ज्याच्याजवळ खऱ्या गुणाशिवाय दुसरे भांडवल नाही त्याला त्याची झळ सर्वांत जास्त बसते.

मग आपण काय करावे? वर सांगितलेली प्रकरणे कोणी उघडकीस आणली ते पाहिले म्हणजे उत्तर सापडते. ती पोलिसांनी शोधली नाहीत. एका लेखकाने दोन पत्ते ताडून पाहिले, एका लेखिकेला आपल्यावरील निंदेतला सूर ओळखीचा वाटला, एका संपादकाला अतितत्परता खटकली. म्हणजे लक्षपूर्वक वाचणे हेच त्यांचे हत्यार होते आणि ते तर महाविद्यालयात शिकवले जावे अशी अपेक्षा आहे. कोण बोलतो आहे, त्याला हे कसे ठाऊक, आणि तो कोणाच्या फायद्याचे बोलतो आहे, हे तीन प्रश्न आपण इतिहासाच्या बखरीला विचारतो. तेच पाच ताऱ्यांच्या अभिप्रायालाही विचारावेत.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या हातातली आहे. ‘माझ्या शिकवणीबद्दल चार ओळी चांगल्या टाक’, ‘आमच्या हॉटेलला पाच तारे दे, चहा फुकट’ असे कोणी सांगितले तर नम्रपणे नाही म्हणावे. मित्राचे पुस्तक आवडले तर त्याखाली स्वतःचे नाव लिहावे आणि ‘हा माझा मित्र आहे’ हेही लिहावे. वाचणारा त्यातून काय वजा करायचे ते करील. आवडले नाही तर तेही नावानिशी आणि सभ्यपणे लिहावे. भीतीचे खरे कारण असेल तेव्हा नाव खुशाल लपवावे, पण आपण जे नाही ते असल्याची बतावणी करू नये.

विद्यार्थी मित्रहो, उद्या नोकरीसाठी, निवडणुकीसाठी किंवा नुसत्या नावलौकिकासाठी तुमच्यापुढेही असा मुखवटा कोणीतरी धरील आणि ‘सगळेच घालतात’ असे सांगेल. लॉट, फायजेस, एलरी यांच्यापैकी कोणीही अडाणी किंवा निष्क्रिय नव्हते. त्यांच्या नावावर पुस्तके होती, वाचक होते. तरी स्वतःच्या कामाला दुसऱ्याने बरे म्हणेपर्यंत त्यांना धीर धरवला नाही. तेवढा धीर तुमच्या अंगी असावा. काम चांगले करावे, त्यावर आपले नाव घालावे आणि त्याच्याविषयी बोलायचे काम इतरांवर सोडावे.