नातवंडांचा गृहपाठ आणि आपला श्वास

गेल्या पंधरवड्यात या सदरातून आपण थंडीतील सांधेदुखीचा विचार केला. या वेळचा विषय श्वासाचा आहे, आणि तो माझ्या घरात आणला तो माझ्या नातीने, शाळेच्या दप्तरातून.

माघ सरत आला की आपल्या मूर्तिजापूरच्या परिसरात हवेचा वास बदलतो. कपाशीची अखेरची वेचणी आटोपलेली असते, उपटलेल्या पऱ्हाट्या धुऱ्यावर रचलेल्या असतात, तुरीची मळणी उरकलेली असते. संध्याकाळी कोठे पऱ्हाटीचा ढीग पेटतो, कोठे नाल्याकाठी कचरा जळतो, कोठे अंगणातला पालापाचोळा. थंडीच्या दिवसांत जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. ती वर उठत नाही, म्हणून तिच्यातला धूरही उठत नाही. तो गल्लीबोळांत रात्रभर रेंगाळतो. नेमक्या याच वेळी आपल्यापैकी अनेकजण शतपावलीला बाहेर पडतात आणि पहाटे त्याच हवेत फिरायलाही जातात.

आपल्या पिढीला धुराचे भय वाटत नाही, कारण धूर ही आपल्यासाठी आपुलकीची वस्तू होती. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी आपली शकुंतला १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर धावत होती. मँचेस्टरला घडलेल्या त्या इंजिनाचा काळा धूर दिसला की पाहुणे येणार म्हणून आम्ही मुले स्टेशनाकडे पळत असू. एखाद्या घरातून संध्याकाळी धूर निघाला नाही तर शेजारीण चौकशीला येई, कारण धूर नाही म्हणजे घरात शिजले नाही. ज्या गोष्टीशी एवढ्या आठवणी जडल्या आहेत, तिच्यावर संशय घेणे सोपे नसते. मलाही ते फार उशिरा जमले.

फळ्यावर न लिहिलेले कारण

माझ्या आईने चाळीस वर्षे चुलीपुढे बसून स्वयंपाक केला. जळण म्हणजे पऱ्हाटी, तुराटी आणि गोवऱ्या. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही पावसाळ्यात बंद. तिने जन्मात विडीला हात लावला नाही. तरी साठीनंतर ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना ती दोनदा थांबू लागली. विचारले की म्हणायची, “वय झालं वं माय, धाप तं लागनच.” आम्हीही ते मान्य करून टाकले. अखेर तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी नाडी पाहण्यापूर्वी विचारले, “स्वयंपाक कशावर करता?”

त्या प्रश्नाने मी खाली पाहिले, कारण त्या काळात मी शाळेत मुलांना वायुप्रदूषणाचा पाठ शिकवीत होते. हवा प्रदूषित होण्याची कारणे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देई: कारखाने, वाहने, वृक्षतोड. मुले ती पाठ करीत आणि पैकीच्या पैकी गुण मिळवीत. माझ्या त्या यादीत चूल कधीच नव्हती. ज्या गावात एकही मोठी चिमणी नाही, तेथील मुलांना मी चिमण्यांचे चित्र काढायला लावत होते, आणि माझी आई घरी खोकत होती.

आईच्या फुप्फुसांतील श्वासनलिका कायमच्या आकसल्या होत्या. या विकाराला सीओपीडी म्हणतात. तो धूम्रपान करणाऱ्यांनाच होतो, ही समजूत चुकीची आहे. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या स्त्रियांना तो मोठ्या प्रमाणावर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आईला ओढून घेण्याचे औषध मिळाले, घरात गॅस आला, तिचे दिवस थोडे सुसह्य झाले. झिजलेली फुप्फुसे मात्र पूर्ववत झाली नाहीत. तिच्या अखेरच्या दोन वर्षांत ती उशांना टेकून, बसूनच झोपत असे.

शाळेत आज काय शिकवतात

पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीने शिकवावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये दिला आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आदेश काढला. आपल्याकडे परिसर अभ्यास होताच. २०२० मध्ये राज्य शासनाने भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर आधारलेले ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. त्यामुळे आजच्या मुलांना हवेविषयी आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक ठाऊक आहे.

त्यांना हवा गुणवत्ता निर्देशांक ठाऊक आहे. २०१५ पासून देशभर वापरात असलेल्या या निर्देशांकात हवेतील आठ घटक मोजून शून्य ते पाचशे असा एक आकडा काढतात आणि त्याला रंग देतात. पन्नासपर्यंत गडद हिरवा म्हणजे उत्तम हवा, शंभरपर्यंत फिकट हिरवा, दोनशेपर्यंत पिवळा, तीनशेपर्यंत नारिंगी, चारशेपर्यंत लाल, त्यापुढे काळसर तांबडा. या घटकांत आपल्या दृष्टीने सर्वांत घातक म्हणजे पीएम २.५ हे सूक्ष्म कण. अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसांच्या तळाशी पोहोचतात, त्यांतील काही रक्तातही उतरतात. म्हणून धुराचा त्रास केवळ दम्याच्या रुग्णाला होतो असे नाही; हृदयविकार आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो.

हे दिल्ली-मुंबईचे प्रकरण आहे, असे समजू नका. २०१९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत अकोला आणि अमरावती ही दोन्ही नावे होती. आपले मूर्तिजापूर या दोहोंच्या मध्ये आहे, आणि वारा तालुक्याची सीमा ओळखत नाही.

एका पानाची यादी

माझी नात पाचवीत आहे. मागील महिन्यात बाईंनी त्यांना गृहपाठ दिला: आपल्या घरात आणि घराभोवती धूर कोठून कोठून येतो, त्याची यादी करा. वही घेऊन ती घरभर हिंडली. तिने लिहिले: देवघरातील धूप, डासांची कॉइल, अंगणात जाळलेला पाला, शेजारच्या रिकाम्या जागेतील कचरा, बाबांची दुचाकी, शेतातील पऱ्हाटी. सातव्या ओळीत लिहिले, ‘आजीची पाणी तापवायची चूल’.

वाचकहो, आईच्या आजारपणानंतरही न्हाणीघराबाहेरची ती चूल मी ठेवली होती. पऱ्हाटी शेतातून फुकट येते, उघड्यावरचा धूर निघून जातो, आंघोळीचे पाणी चुलीवरचेच बरे, अशी माझी समर्थने होती. नातीने एकच विचारले, “आजी, तू पणजीची गोष्ट सांगतेस ना, मग ही चूल का?” मी तीन दिवस तिला उत्तर दिले नाही. राग आला होता, हे कबूल करते. आणि तो राग तिच्यावर नव्हता.

मुलांनी विचारलेल्या अशा प्रश्नाकडे आगाऊपणा म्हणून पाहिले, तर तो पाठ वहीतच राहतो. आपण उत्तर दिले, तरच तो घरात येतो. महाराष्ट्रात फटाकेमुक्त दिवाळीची मोहीम आणि ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ ही हाक अंधश्रद्धा निर्मूलन समितीने रुजवली, ती पुष्कळशी शाळकरी मुलांच्या बळावर. मुले संकल्प करून घरी आली आणि मोठ्यांनी तो मानला, तेथेच बदल टिकला.

आपल्या तालुक्यालाच याचा मोठा वारसा आहे. गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे, आजोळी गेले. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम. त्या कीर्तनाची रीत अशी की बाबा श्रोत्यांना सरळ प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. नातवंडांना शिकवण्याची याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही. उपदेश करू नका; विचारा, आणि त्यांना विचारू द्या.

आजी-आजोबांनी नातवंडांबरोबर करावयाच्या गोष्टी

१. धूळ पाहा. चार पांढऱ्या पुठ्ठ्यांवर व्हॅसलिनचा पातळ थर द्या. एक रस्त्याकडील खिडकीत, एक स्वयंपाकघरात, एक तुळशीजवळ, एक मागील दारी टांगा. चार दिवसांनी भिंगातून तुलना करा. मात्र मुलांना हेही सांगा, की पुठ्ठ्यावर दिसते ती जाड धूळ. सर्वांत घातक कण साध्या भिंगातूनही दिसत नाहीत.

२. नोंदवही ठेवा. मुलाने रोज धुराची नोंद करावी: कोठे, केव्हा, कशाचा. शेजारच्या रकान्यात आपण आपल्या खोकल्याची आणि धापेची नोंद करावी. महिनाभराने दोन्ही रकाने एकत्र वाचा. डॉक्टरांकडे जाताना ही वही सोबत न्या. त्यांना तिचा उपयोग होईल.

३. पाला जाळण्याऐवजी खड्ड्यात घाला. एक थर पाल्याचा, एक शेणमातीचा, वर पाणी. खत होताना पाहणे हा मुलांसाठी उत्तम पाठ आहे. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये बंदी घातली असून साध्या प्रकरणात पाच हजार रुपयांच्या दंडाची तरतूद केली आहे.

४. पऱ्हाटीविषयी घरात बोला, पण शेतकऱ्याला दोष देऊन नव्हे. गुलाबी बोंडअळीचे अवशेष शेतात राहू नयेत म्हणूनच अनेकजण पऱ्हाटी पेटवतात. ती भीती खरी आहे. श्रेडर यंत्राने पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून त्यांचे खत करणे हा त्यावरील सुचवला जाणारा मार्ग आहे. यंत्र एकट्याला परवडत नसेल, तर चार शेजाऱ्यांनी मिळून भाड्याने आणावे.

५. फटाक्यांची निवड मुलांना माहिती देऊन करू द्या. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठ यांच्या २०१६ मधील पाहणीत सर्वाधिक सूक्ष्म कण आढळले ते सापाच्या गोळीत: घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत. चोवीस तासांच्या सरासरीचे आपले राष्ट्रीय मानक ६० आहे. आवाज नाही म्हणून जी आपण सर्वांत लहान मुलाच्या हाती देतो, ती हीच.

काळजीवाहकांसाठी

घरात दमा, सीओपीडी वा हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर बंद खोलीत कॉइल लावू नका. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ च्या एका अभ्यासात दिसले. मच्छरदाणी हाच निर्धोक उपाय. उदबत्ती व धूप अगदी थोडा, खिडकी उघडी ठेवून. हिवाळ्यात फिरायला ऊन वर आल्यावर जा. रुमाल वा साध्या कापडाने सूक्ष्म कण अडत नाहीत. एन-९५ मुखपट्टी अडवते, परंतु धाप लागणाऱ्या व्यक्तीने ती डॉक्टरांना विचारून वापरावी. बरे वाटते म्हणून ओढण्याचे औषध मनाने बंद करू नका. धापेचे कारण ‘वय’ समजण्याआधी फुंकून करावयाची फुप्फुसांची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. बसल्या जागी धाप लागणे, ओठ निळसर पडणे, छातीत दुखणे, एकाएकी बोलण्यात असंबद्धता येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्या.

चौथ्या दिवशी मी ती चूल मोडली. विटा काढताना त्यांच्यावरची काजळी हाताला लागली आणि ती दोनदा धुऊनही गेली नाही. नातीने वहीतील सातव्या ओळीवर रेघ मारली. सहा ओळी अजून शिल्लक आहेत. शेतातील पऱ्हाटीवर घरात अजून एकमत झालेले नाही, आणि शेजारच्या जागेतला कचरा परवाही पेटला. नात म्हणते, यादी बाईंना दाखवून झाली तरी आपण ती फाडायची नाही.

आपल्या घरातील मुलाला आज एक पान द्या आणि तसाच गृहपाठ सांगा. त्या यादीत आपले नाव आले, तर रागावू नका. माझी आई हयात असती, तर मी ती वही आधी तिला वाचून दाखवली असती.